माउंट हॉलीचा शिंपी जॉन वूलमन

न्याय हा शब्द उच्चारला कीं आपल्या खेड्यांतील मनुष्याच्या डोळ्यांपुढें कचेरी उभी राहते; वकील, स्टँप, तारखा आणि जाण्यायेण्याचा खर्च. ज्याच्या गांठीं पैका त्याचा न्याय असें लोक बोलतात, आणि तें सर्वस्वीं खोटें आहे असें म्हणवत नाहीं. परंतु न्यायाचें दुसरें एक ठिकाण आहे व तें कचेरीपेक्षां पुष्कळ जवळ आहे. दुकानांतील तराजू, शेतावरील गड्याची मजुरी, शेजाऱ्याकरितां लिहून दिलेला कागद, ह्या ठिकाणीं रोज न्याय किंवा अन्याय घडत असतो, आणि तेथें कोणी न्यायाधीश बसलेला नसतो. ज्या मनुष्याचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवीत आहों त्यानें आपला सारा जन्म ह्याच ठिकाणीं वेंचिला. तो अधिकारी नव्हता, विद्वान् म्हणून गाजलेला नव्हता. धंद्यानें तो शिंपी होता. त्याचें नांव जॉन वूलमन.

१७२० सालच्या ऑक्टोबर महिन्यांत उत्तर अमेरिकेंतील न्यू जर्सी प्रांतांत त्याचा जन्म झाला. त्या वेळीं तो प्रांत इंग्लंडच्या राजाच्या अंमलाखालीं होता. अमेरिकेचें स्वतंत्र राष्ट्र अद्याप व्हावयाचें होतें. रँकोकस नांवाच्या ओढ्याच्या कांठीं त्याच्या बापाचें शेत होतें. तेरा भावंडांपैकीं हा एक, व मुलग्यांत सर्वांत वडील. घराणें मित्रसमाजाचें होतें. ह्या समाजास सर्व लोक क्वेकर म्हणतात. त्यांच्या उपासनेंत त्या काळीं कोणी पाळक उपदेश करीत नसे. सर्व मंडळी स्तब्ध बसे, आणि ज्याला आंतून प्रेरणा होई तो, मग तो पुरुष असो कीं स्त्री, उठून बोले. ते शपथ घेत नसत, शस्त्र धरीत नसत व साधा पोशाख करीत. बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे विधि ते पाळीत नाहींत, व ह्या बाबतींत आमचें त्यांच्याशीं जमणार नाहीं. पण झाडाची परीक्षा फळावरून करावयाची, तर वूलमनाचें फळ आपण निःशंक मनानें पाहावें.

लहानपणची एक गोष्ट त्यानें आपल्या रोजनिशींत लिहून ठेविली आहे. वाटेनें जातांना त्याला घरट्यावर बसलेली एक पक्षिणी दिसली. ती पिलांच्या काळजीनें भोंवतीं उडूं लागली. पोरानें दगड मारिले. एक लागला व ती मेली. प्रथम त्याला गंमत वाटली, पण घटकेंत मन फिरलें. आईवांचून पिलें आतां उपाशीं तडफडणार हें ध्यानांत येऊन तो झाडावर चढला आणि त्यानें तीं पिलेंहि मारून टाकिलीं, कारण हळूहळू मरण्यापेक्षां तें बरें असें त्याला वाटलें. ही गोष्ट काढून त्याला दयाळूपणाची शाबासकी देण्यांत अर्थ नाहीं. एक अन्याय केला कीं त्याच्या पाठोपाठ दुसरें निष्ठुर काम करावें लागतें, हें मात्र त्या मुलाला त्या दिवशीं कळलें, व तें तो विसरला नाहीं.

वयाच्या एकविसाव्या वर्षीं तो शेत सोडून सुमारें पांच मैलांवरील माउंट हॉली गांवीं एका दुकानदाराकडे नोकरीस राहिला. दुकान सांभाळावें व जमाखर्च लिहावा हें त्याचें काम.

आतां त्या काळची स्थिति थोडी सांगितली पाहिजे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसें विकत घेऊन, जहाजांत कोंबून अमेरिकेंत आणीत व बाजारांत गुरांप्रमाणें विकीत. गुलाम स्त्रीच्या पोटीं जन्मलेलें मूल जन्मतःच धन्याची मालमत्ता होई. दक्षिणेकडील प्रांतांत तंबाखूची व भाताची लागवड गुलामांच्याच श्रमावर चाले. उत्तरेकडे सुखवस्तु घरांतून एखाद-दुसरा गुलाम चाकरीस असे. हें सारें कायद्यानें मान्य होतें, आणि करणारे बहुतेक ख्रिस्ती म्हणविणारे होते. क्वेकर लोकहि त्यांतून सुटले नव्हते. १६८८ सालीं जर्मनटाऊन येथील चार क्वेकरांनीं गुलामगिरीविरुद्ध एक निषेधपत्र लिहून पाठविलें होतें. पण वरच्या सभांनीं विषय फार अवघड आहे असें म्हणून तें बाजूस ठेविलें. अवघड विषय बाजूस ठेवण्याची ही कला सगळ्याच मंडळ्यांच्या सभांना अवगत असते.

एके दिवशीं वूलमनाच्या धन्यानें आपल्या घरची एक गुलाम बाई विकली व वूलमनास तिचें खरेदीखत लिहावयास सांगितलें. घेणारा समोर बसून वाट पाहत होता. सगळें एकाएकीं घडलें. आपण वर्षाच्या बोलीनें नोकर, सांगणारा धनी, आणि विकत घेणारा म्हातारा आपल्याच समाजाचा, असा विचार करून त्या तरुणानें कागद लिहिला. परंतु लिहितांना त्याचें मन इतकें तळमळलें कीं, गुलाम ठेवणें हें ख्रिस्ती धर्माशीं जुळत नाहीं असें मला वाटतें, हें त्यानें त्या दोघांच्या तोंडावर सांगितलें. सांगितल्यानें मन थोडें हलकें झालें, पण पुरतें झालें नाहीं. पुढें जेव्हां जेव्हां तो त्या प्रसंगाचा विचार करी तेव्हां तेव्हां त्याला वाटे कीं आपण साफ नकार दिला असता तर बरें होतें. कांहीं दिवसांनीं एका तरुण क्वेकरानें तसाच कागद लिहिण्यास त्याला बोलाविलें. ह्या वेळीं त्यानें सौम्यपणें पण स्पष्टपणें नाहीं म्हटलें. तेव्हां त्या तरुणानें कबूल केलें कीं त्यालाहि ती गोष्ट मनापासून पसंत नव्हती. गुलाम त्याच्या बायकोला देणगीदाखल मिळाला होता, म्हणून ठेविला होता.

वाचकांपैकीं जे उपदेशक व शाळामास्तर आहेत त्यांनीं येथें क्षणभर थांबावें. ज्या गांवांत लिहितां येणारीं माणसें थोडीं त्या गांवांत कागद लिहिणाऱ्याच्या हातीं मोठी सत्ता असते, आणि ती त्याच्या ध्यानींहि नसते. कर्जरोख्यांत एक आंकडा वाढविण्यास, अंगठा कशावर उमटवीत आहे हें म्हातारीस नीट न सांगण्यास, भावाचा वांटा दोन ओळींत बुडविण्यास तलवार लागत नाहीं. लेखणी पुरते.

वूलमनाचें अक्षर चांगलें व प्रामाणिकपणा प्रसिद्ध, म्हणून आसपासचे लोक मृत्युपत्रें लिहिण्यास त्याला बोलावीत. त्यांत दोन पैसे मिळत. पण मृत्युपत्रांत गुलाम मुलांच्या नांवें करून देण्याचें कलम आलें कीं तो लेखणी खालीं ठेवी. एकदां त्याचा एक शेजारी अपघातानें फार दुखावला. त्या काळच्या उपचाराप्रमाणें रक्त काढण्यास वूलमनासच बोलाविलें होतें. मग आजाऱ्यानें मृत्युपत्राची गोष्ट काढिली. वूलमनानें सांगितलेलें सर्व टिपून घेतलें. त्यांत एक गुलाम मुलगी एका मुलास देण्याचें होतें. घरीं जाऊन त्यानें बाकीचें मृत्युपत्र नीट लिहून आणिलें, तेवढा मजकूर गाळला, आणि मोबदला न घेतां कागद त्याच्या हातीं देऊन हें कलम माझ्यानें लिहवत नाहीं असें नम्रपणें सांगितलें. दोघांचें त्याविषयीं पुष्कळ बोलणें झालें. शेवटीं आजाऱ्यानें त्या मुलीस मुक्त करण्याचें कबूल केलें, व मग वूलमनानें कागद पुरा केला. येथें सभा नव्हती, ठराव नव्हता. एक बिछाना, एक दिवा आणि दोन शेजारी एवढेंच होतें. पण एक मनुष्यप्राणी गुलामींतून सुटला.

दुकानांत असतांनाच तो शिंपीकाम शिकला होता. पुढें त्यानें स्वतःचें दुकान घातलें. आरंभीं कपड्यास लागणारें किरकोळ सामान, मग कापड, असा व्यापार वाढत गेला. १७४९ सालीं सेरा एलिस नांवाच्या सुशील बाईशीं त्याचें लग्न झालें. पुढच्या वर्षीं मेरी नांवाची मुलगी झाली. मागून झालेला एक मुलगा तान्हेपणींच वारला. घर लहान, गरजा थोड्या, आणि व्यापार तर दर वर्षीं फुगत चाललेला. दुसरा कोणी असता तर देवाचा आशीर्वाद म्हणून त्यानें उपकारस्तुति केली असती. वूलमन अस्वस्थ झाला. त्याला दोन गोष्टी दिसूं लागल्या. एक अशी कीं फार पसाऱ्यानें मन गुंतून जातें व प्रभूची हांक ऐकूं येत नाहीं. दुसरी अशी कीं गरीब लोक त्याच्या दुकानांतून गरज नसलेल्या भपकेदार वस्तु उधारीवर नेतात आणि मग कर्जांत बुडतात. पैसे वेळेवर आले नाहींत कीं त्यांच्यावर फिर्याद करण्याची पाळी येते. विकणाऱ्यानें कांहीं फसविलें नाहीं, घेणाऱ्यानें राजीखुषीनें घेतलें, ह्यांत अन्याय कोठला, असें आपल्यापैकीं कितीएक म्हणतील. वूलमनास तेवढ्यानें समाधान होईना. गरीब गिऱ्हाईक महाग वस्तु मागावयास आलें तर तो त्याला स्वस्त व टिकाऊ वस्तु घ्यावयास सांगे. मग हळूहळू आपला विचार त्यानें गिऱ्हाइकांस कळविला, त्यांना दुसऱ्या दुकानांकडे वळविलें, आणि १७५६ सालीं व्यापार अगदीं सोडून दिला. त्यानंतर तो हातीं कोणी मदतनीस न ठेवतां एकटाच कपडे शिवी, आणि सफरचंदांची बाग होती तींत खुरपणें व कलमें करणें हें काम करी. लग्नाच्या पोशाखासाठीं व जेवणावळीसाठीं बियाण्याची जोंधळ्याची पोतीं गहाण ठेवणारे ज्यांनीं पाहिले आहेत, आणि त्यांस उधारी देऊन वहींत नांव चढविणारेहि पाहिले आहेत, त्यांना ह्या गोष्टीचें मर्म फोड करून सांगावयास नको.

सुवार्तेसाठीं तो वारंवार प्रवास करी. १७४६ सालीं एका सोबत्याबरोबर त्यानें दक्षिणेकडील मेरीलँड, व्हर्जिनिया व कॅरोलायना प्रांतांत घोड्यावर सुमारें दीड हजार मैलांची फेरी केली. तेथील क्वेकर लोक आदरानें पाहुणचार करीत. पण जेथें गुलामांवर कामाचें फार ओझें असे व धनी ऐषआरामांत असे, तेथें फुकट खाणेंपिणें त्याला घशाखालीं उतरेना. परत आल्यावर त्यानें गुलाम ठेवण्यासंबंधानें एक निबंध लिहिला. तो कित्येक वर्षें त्यानें जवळच ठेविला. मरणाच्या दारीं असलेल्या बापानें तो छापण्याविषयीं आग्रह केला, आणि १७५४ सालीं समाजाच्या तपासणाऱ्यांच्या संमतीनें तो प्रसिद्ध झाला. दुसरा भाग १७६२ सालीं निघाला.

१७५७ सालीं तो पुनः दक्षिणेस निघाला तेव्हां पाहुणचाराचा प्रश्न त्याच्यापुढें पुनः उभा राहिला. मोशेच्या नियमशास्त्रांत न्यायाधीशांनीं देणगी घेऊं नये अशी आज्ञा आहे. वूलमन म्हणे कीं देणगी घेणारा देणाऱ्याचा मिंधा होतो, व मिंधेपणानें मनुष्य देणाऱ्याच्या पक्षाचा होऊन जातो. ज्याच्या घरीं आपण काल जेवलों त्याच्याविरुद्ध आज पंचांत तोंड उघडणें किती जड जातें, हें गांवोगांव हिंडणाऱ्या उपदेशकास दुसऱ्यानें सांगावयास नको. तेव्हां वूलमनानें निघतांना चांदीचीं लहान नाणीं बरोबर घेतलीं. एखाद्या घरून निघण्याच्या वेळीं तो यजमानास एकीकडे नेई व घरच्या गुलामांच्या श्रमाचा मोबदला म्हणून कांहीं पैसे घेण्याची व ते त्यांना देण्याची विनंति करी. कधीं तो स्वतःच गुलामांच्या हातावर नाणें ठेवी. श्रीमंत यजमानापुढें असें करणें म्हणजे त्याचा अपमान करण्याजोगें होतें, आणि वूलमन स्वभावानें भिडस्त. प्रत्येक वेळीं त्याला संकट वाटे. तथापि ज्याचा घाम त्याची मजुरी हा हिशेब त्यानें कोणत्याहि घरीं उधार राहूं दिला नाहीं.

ह्याच फेरींत वाटेनें कित्येकांनीं त्याच्याशीं शास्त्रावरून वाद घातला. एकानें म्हटलें कीं काळे लोक काइनाचे वंशज, आणि त्यांचा काळा रंग हीच देवानें काइनावर घातलेली खूण. म्हणून गुलामी त्यांच्या वांट्यास आली आहे. वूलमनानें त्याला स्मरण दिलें कीं जलप्रलयांतून नोहा व त्याचें घराणें एवढेंच वांचलें. नोहा तर शेथाच्या वंशांतला. तेव्हां काइनाचा वंश शिल्लक राहिला कोठें? दुसऱ्यानें मग हाम दूर नोद देशांत गेला व तेथील काइनवंशाची बायको त्यानें केली, प्रलय तेथें पोंचलाच नव्हता, अशी कथा जुळविली. शास्त्रांत जें नाहीं तें स्वार्थाच्या डोळ्यांना बरोबर दिसतें. ह्यावर वूलमनानें उत्तर दिलें कीं प्रलय सर्व पृथ्वीवर आला असें वचन आहे. आणि बापाच्या पापासाठीं मुलास धरावयाचें नाहीं हें यहेज्केल संदेष्ट्यानें स्पष्ट केलें आहे. जन्मावरून मनुष्याला हलका ठरवावयाचा आणि मग त्याला धर्मग्रंथांतून आधार शोधावयाचा, ही युक्ति आपल्या देशांतील वाचकांना नवी नाहीं. ती ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांनींहि योजिली होती हें आपण लपवूं नये. आणि मंडळींत पंगतीच्या वेळीं, सोयरीक ठरवितांना, मूळच्या जातीची चौकशी जेथें जेथें होते तेथें ती अजूनहि योजिली जाते, हेंहि लपवूं नये.

गुलामगिरीविरुद्ध झगडणारा तो एकटाच नव्हता. बेंजामिन ले नांवाचा एक ठेंगणा, पाठीस पोक आलेला क्वेकर होता. १७३८ सालीं बर्लिंग्टन येथील वार्षिक सभेंत त्यानें पोकळ केलेल्या एका ग्रंथांत तांबड्या रसाची पिशवी लपवून आणिली, भर सभेंत तींत तलवार खुपसली व गुलाम ठेवणाऱ्यांच्या अंगावर तो रस रक्तासारखा शिंपडला. समाजानें त्याला बाहेर घातलें. त्याचा आवेश खरा होता. पण वूलमनाची रीत निराळी होती. तो अन्याय करणाऱ्याच्या घरीं जाई, त्याच्या ओसरीवर बसे, पुष्कळ वेळ स्तब्ध राही, व मग त्याच्या जिवाविषयीं काळजी वाटते अशा स्वरानें बोले. गुलामाचें शरीर बंधनांत आहे तसें धन्याचें मनहि आहे, व दोघांचीहि सुटका व्हावयास पाहिजे, असें तो समजे. कोणती रीत बरी ह्याविषयीं मतभेद होईल. लेची तळमळ पूर्वीं उघडपणें बोलून दाखविलेली नसती तर वूलमनाचें सौम्य बोलणें ऐकण्यास सभेचे कान तयार झाले असते कीं नाहीं, कोण जाणे.

१७५८ सालीं फिलाडेल्फिया येथें वार्षिक सभा भरली, तेव्हां हा विषय निघाला. पुष्कळ जण थांबूं या म्हणणारे होते. प्रभु आपल्या वेळीं मार्ग दाखवील असें त्यांचें म्हणणें. वूलमन बराच वेळ गप्प बसला होता. मग तो उठला आणि त्यानें सभेस सांगितलें कीं ह्या गांजलेल्या लोकांचा आक्रोश देवाच्या कानीं पोंचला आहे. कांहींच्या नफ्यासाठीं व कांहींच्या स्नेहासाठीं आपण कर्तव्य लांबणीवर टाकूं तर देव भयंकर रीतीनें उत्तर देईल. सभेंत पालट झाला. जो कोणी गुलाम विकत घेईल किंवा विकील त्याला समाजाच्या कारभारांत भाग घेऊं देऊं नये असें ठरलें, आणि गुलाम ठेवणाऱ्या सभासदांच्या घरोघर जाऊन त्यांना समजावण्यास मंडळ नेमिलें. त्यांत वूलमन होता. म्हाताऱ्या लेला ही बातमी मरणापूर्वीं कळली. तो १७५९ सालीं वारला. वूलमन व त्याचे सोबती वर्षानुवर्षें एका घरून दुसऱ्या घरीं जात राहिले. १७६० सालीं तो न्यूपोर्ट बंदरांत गेला, जेथील क्वेकर व्यापारीच गुलामांच्या व्यापारांत पडले होते. १७७६ सालीं, म्हणजे त्याच्या मरणानंतर चार वर्षांनीं, फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेनें गुलाम ठेवणाऱ्यास सभासदच ठेवावयाचें नाहीं असा निकाल केला. सरकारी कायदा होण्यापूर्वीं पुष्कळ वर्षें एका ख्रिस्ती समाजानें आपलें अंगण आपणच झाडलें. अमेरिकेंत गुलामगिरी कायद्यानें सर्वत्र बंद होण्यास १८६५ साल उजाडावें लागलें, आणि तेंहि मोठ्या रक्तपातानंतर.

दुसऱ्यांस सांगत असतां त्यानें आपली वही उघडून पाहिली नाहीं असें मात्र नाहीं. तरुणपणीं तो व दुसरा एक गृहस्थ मिळून एका मयताच्या मृत्युपत्राचे व्यवस्थापक होते. त्या वेळीं त्यांनीं मयताचा एक गुलाम मुलगा वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत चाकरी करण्याच्या बोलीनें विकला व पैसे मालमत्तेंत जमा केले. आपलीं गोरीं मुलें एकविसाव्या वर्षीं मोकळीं होतात, मग ह्याचीं नऊ वर्षें कोणत्या न्यायानें घेतलीं, हा प्रश्न पुढें कितीएक वर्षांनीं त्याला टोंचूं लागला. दोघांपैकीं आपण एक, म्हणून नवाचा अर्धा हिस्सा साडेचार वर्षें आपल्या माथीं, असा हिशेब त्यानें केला. तितक्या काळाबद्दल न्यायी माणसें जें योग्य ठरवितील तें आपण मालकास देऊं, व तो तरुण त्यापूर्वीं सुटावा, असा करारनामा त्यानें लिहून दिला, व आपल्या वारसांनाहि त्यांत बांधून घेतलें. जक्कयाची गोष्ट आम्ही पाळक पुष्कळ वेळां सांगतों. पण साडेचार वर्षांचा असा हिशेब मांडून बसलेला माणूस फार थोड्यांनीं पाहिला असेल.

त्याच्या कांहीं गोष्टी त्याच्या स्नेह्यांनाहि विचित्र वाटल्या. १७६१ सालापासून तो हळूहळू न रंगविलेले कपडे वापरूं लागला. रंग हा मळ झांकण्यासाठीं लावितात, मळ धुण्यासाठीं नव्हे, असें त्याचें म्हणणें. शिवाय त्यांत निरर्थक श्रम व खर्च होतो. त्याची टोपीहि न रंगविलेली, मूळ रंगाची असे. दुर्दैव असें कीं त्याच दिवसांत पांढऱ्या टोप्या वापरण्याची टूम शौकीन लोकांत निघाली होती, तेव्हां कित्येकांनीं वूलमन नव्या चालीच्या नादीं लागला असें समजून तोंड फिरविलें! वेस्ट इंडीज बेटांत उंसाचे मळे गुलाम कसतात म्हणून त्यानें साखर सोडली. लढाईकरितां लावलेला कर भरण्यास तो नाकबूल झाला. एकदां सरकारी हुकुमानें त्याच्या घरीं शिपाई उतरविण्यांत आला, तेव्हां त्याला त्यानें जेवूंखाऊं घातलें, पण त्याबद्दल सरकार देऊं करीत होतें तें भाडें घेतलें नाहीं. १७६३ सालीं सरहद्दीवर गोरे व इंडियन लोक ह्यांच्यांत कत्तली चालू असतां तो डोंगर ओलांडून सस्क्वेहॅना नदीवरील व्हायलूसिंग नांवाच्या इंडियन गांवीं गेला. त्या लोकांना दारू पाजून त्यांचीं कातडीं कवडीमोलानें कसे लुबाडतात, व त्यांच्या जमिनी कशा सुटतात, हें त्यानें वाटेंत डोळ्यांनीं पाहिलें. मोरेव्हियन मिशनरी झाइसबर्गर त्या वेळीं तेथेंच होता. दोघांनीं एकमेकांच्या कामांत विघ्न आणिलें नाहीं. तेथें दुभाष्यानें भाषांतर केल्यावांचून वूलमनानें केलेली प्रार्थना इंडियन पुढारी पापुनेहांग ह्याच्या अंतःकरणास जाऊन भिडली.

१७७० सालीं तो फुफ्फुसाच्या आवरणाच्या दाहानें फार आजारी पडला. तापांत त्यानें एक दर्शन पाहिलें. अत्यंत दुःखांत पिचलेल्या माणसांचा एक काळा ढीग, आणि त्यांत तो स्वतः मिसळून गेलेला. त्याला आपलें वेगळेपण उरलें नाहीं. नंतर खाणींत राबणारे गरीब लोक त्याला दिसले. ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांच्या घरीं चांदी यावी म्हणून ते राबत होते व त्या ख्रिस्तनामाची निंदा करीत होते. बरा झाल्यावर चांदीच्या भांड्यांतून पिणें त्यानें सोडलें.

१७७२ च्या मे महिन्यांत तो इंग्लंडास निघाला. जहाजाच्या उतारूंच्या खोलीवर व्यर्थ कोरीवकाम व शोभा होती; तिचें भाडें देण्यास त्याचें मन घेईना, म्हणून तो खालीं खलाशांच्या जागेंत राहिला. तेथें ओलसर कपड्यांच्या वासांत, वादळांत, त्यानें कोवळ्या पोरांना शिव्याशाप व दारू शिकतांना पाहिलें. ८ जून रोजीं लंडनास उतरून तो तसाच क्वेकरांच्या सभेंत गेला. त्याचा पांढुरका, प्रवासानें मळलेला वेष पाहून कोणीएकानें सुचविलें कीं ह्या परक्या मित्रानें आपलें ओझें आतां उतरलें असें समजून परत जावें, अशी हकीकत सांगतात. वूलमनाच्या डोळ्यांत पाणी आलें. आपल्याला शिंपीकाम येतें, कोणास भार होणार नाहीं, येथें राहून काम मिळालें तर पुरे, असें त्यानें सांगितलें. थोड्या वेळानें तो पुनः बोलला, आणि मग त्याला परत जा म्हणण्यास कोणाचेंहि तोंड राहिलें नाहीं.

इंग्लंडांत तो पायींच फिरला. टपालाच्या व उतारूंच्या गाड्या चोवीस तासांत शंभर मैलांवर धांवत; घोडे पळवून मारीत, कित्येक आंधळे होत, आणि टपाल नेणारीं पोरें हिंवाळ्याच्या रात्रीं गारठून मरत. म्हणून त्यानें त्या गाड्यांत पाय ठेविला नाहीं व त्या टपालानें पत्रेंहि पाठवूं नका असें मित्रांस सांगितलें. खेड्याखेड्यांत तो मजुरी व धान्याचे भाव विचारी व लिहून ठेवी. मजुरास सामान्य कामावर रोज दहा पेन्स, आणि त्यांतच त्याचें जेवण. गहूं मात्र आठ शिलिंग बुशेल. दक्षिण इंग्लंडांत पुष्कळ गरीब मुख्यतः भाकरी व पाणी ह्यांवर राहतात, हें त्यानें टिपलें आहे. सुवार्तिकाच्या रोजनिशींत उपदेशाच्या विषयाशेजारीं गव्हाचा भाव लिहिलेला आढळतो, हें मला फार आवडतें.

सप्टेंबरच्या अखेरीस तो उत्तरेकडील यॉर्क शहरीं पोंचला. तेथें त्याला देवी आल्या. एका क्वेकर कुटुंबानें त्याची सेवाशुश्रूषा केली. घसा सुजून बोलणें बंद झालें तेव्हां तो कागदावर लिही. ७ ऑक्टोबर १७७२ रोजीं, वयाला बावन्न वर्षें पुरीं होण्यास थोडे दिवस उरले असतां, तो प्रभूजवळ गेला. त्याची रोजनिशी १७७४ सालीं छापली गेली.

पुरण्याविषयीं त्यानें अगोदरच सूचना लिहून दिल्या होत्या. पेटी ॲश झाडाच्या लांकडाची असावी, ओकाची नको, कारण ओकाचें लांकूड दुसऱ्या उपयोगी कामास लागतें. तिच्यावर कसलीहि शोभा नसावी. देह स्वस्त लोकरी कापडांत गुंडाळावा. ह्या सर्वाच्या खर्चाकरितां त्यानें आपल्या अंगावरचे कपडे ठेविले होते, आणि कबर खणणाऱ्याची मजुरीहि त्यांतूनच द्यावी असें त्यांत लिहिलें होतें.